चार प्रकारचं हां

सहाव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडं होतं, पण दारात केबिन नव्हती. होतं ते केबिनचं छप्पर, जमिनीपासून छातीएवढ्या उंचीवर, आणि त्या छपरावर पालथी पडलेली खारूताई. तिचं डोकं आणि एक हात दाराबाहेर, बाकीची ती आत. केबिनच्या खाली पाच मजल्यांची काळी विहीर.

कानसेन दाराशी उभा होता. त्याच्या एका हातात वॉकी-टॉकी होता, दुसरा रिकामा. त्या रिकाम्या हाताचं काय करायचं हे त्याला तीन आठवडे झाले तरी कळलं नव्हतं.

सव्वीस वर्षं त्याने लिफ्टदुरुस्तीत काढली होती. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि झाकण न उघडता कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचं, ही त्याची ख्याती. नाव त्यावरूनच पडलं. मग जुने प्रमुख निवृत्त झाले आणि मालकांनी त्याला बोलावून सांगितलं, "आता पाना खाली ठेवायचा. तुझे हात दोन. मला आठ हवेत."

घरी बायको म्हणाली, "चला, आता उंटावरून शेळ्या हाका." मग आज सकाळी, दाराशी पडलेल्या हत्यारांच्या बॅगेकडे बघून तिने विचारलं, "ही माळ्यावर टाकू?"

"राहू दे तिथेच."

"तीन आठवडे जो तो तिला अडखळतोय."

"अडखळू दे."

त्याचं कारण त्याने बायकोला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं. आत विहिरीत लोंबकळताना त्याला कधी भीती वाटली नव्हती. आत काय हलतंय, काय हलणार आहे, हे त्याच्या तळव्यांना कळायचं. बाहेर उभं राहिलं की तळव्यांना फक्त फरशी लागायची. पहिल्याच दिवशी दुसरं कोणी छपरावर चढलं तेव्हा त्याच्या पोटात गोळा आला, आणि तो नंतर गेलाच नाही. सकाळी चहाचा कप धरतानाही तो तिथेच असायचा. एक दिवस कोणीतरी आत मरणार, आणि मी बाहेर उभा असणार. हे वाक्य त्याच्या डोक्यात इतक्या वेळा येऊन गेलं होतं की आता ते आल्याचंही त्याला कळत नसे.

आजचं काम रुग्णालयातलं होतं. खाटा वाहून नेणारी मोठी लिफ्ट, तीही जुनी. ब्रेकचे पट्टे झिजलेले, आणि केबिन रुळांवर धरून ठेवणारे बूटही झिजलेले. माणसं चार. बुटांवर खारूताई. छत्तीस वर्षांची, बुटकी, दोन मुलांची आई, आणि कुठल्याही फटीतून कुठेही चढणारी. वर गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत आप्पा आणि डिप्लोमा. आप्पांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरलेली आणि डाव्या कानाने साथ सोडलेली. डिप्लोमा तिशीचा, पुस्तकातलं सगळं माहीत असलेला. पण हाताने त्याला काही येतं का, हे कोणालाच माहीत नव्हतं. कारण तो कशालाही हात लावायला गेला की कानसेन म्हणायचा, "सरक." आणि स्वतः करून टाकायचा. पाच वर्षं डिप्लोमा सरकतच होता.

सकाळी पायऱ्या चढताना खारूताईने विचारलं होतं, "दादा, आधी ब्रेक करून घेऊया का? मग बूट."

"हांऽ," कानसेन म्हणाला.

या 'हां'वर डिप्लोमाने एकदा जेवणाच्या सुट्टीत कागदावर टिपण काढलं होतं. साहेबांचं हां चार प्रकारचं. आखूड हां, म्हणजे चालू करा. लांब हांऽ, म्हणजे ऐकतोय, पण करणार माझंच. हां-हां, म्हणजे हळू. हां-हां-हां, म्हणजे थांबा, मेलात. सगळे हसले होते, कानसेनही हसला होता. कंपनीने छापून दिलेला संकेतांचा तक्ता, 'वर', 'खाली', 'थांब', त्याच्या शर्टाच्या खिशात घडी घालून होता. शर्ट धुतला की तक्ताही धुतला जायचा.

खारूताईला मिळालं ते लांब हां. त्यामुळे आधी बूट.

पद्धत अशी. लिफ्टचा वीजपुरवठा बंद. केबिन थोडी वर घ्यायची झाली की कानसेन वॉकीवर सांगणार, वर आप्पा लिव्हर दाबून ब्रेक उघडणार आणि डिप्लोमा हातचाक धरून ती अलगद सोडणार. रिकामी केबिन हलकी असते. उलट बाजूला टांगलेलं लोखंडी वजन तिच्यापेक्षा जड. म्हणून ब्रेक उघडला की केबिन खाली पडत नाही, वर जाते. चाक कोणी धरलं नसेल तर जोरात जाते. छपरावर लाल स्टॉप बटण होतं, पण ते विजेला थांबवतं, वजनाला नाही.

खारूताई छपराच्या कडेवर पालथी झाली आणि तिने हात बाहेर काढला. तिच्या तळव्यावर एक वॉशर होता.

"दादा, जाड बाजू आत ना?"

कानसेनचा अंगठा वॉकीच्या बटणावर होता. परक्या शहरात माणूस पिशवी घट्ट धरतो, तसा तो सकाळपासून बटण दाबूनच होता.

"हां," तो म्हणाला.

आखूड.

वर कुठेतरी खट्ट वाजलं. तो आवाज त्याने हजार वेळा ऐकला होता. तो ब्रेक उघडल्याचा आवाज होता. खारूताईचा चेहरा वर जायला लागला, अगदी शांतपणे, झोक्यावर बसल्यासारखा.

"हां-हां-हां," कानसेन वॉकीत ओरडला.

आप्पांच्या उजव्या कानाला मशीनच्या खोलीच्या घुमणाऱ्या भिंतींतून एक आखूड हां ऐकू आलं, मग आणखी एक आखूड हां ऐकू आलं. त्यांनी लिव्हर आणखी दाबली. डिप्लोमा पाठमोरा होता, पाना घ्यायला वळलेला. चाक आपोआप गरगरताना दिसलं तसा त्याने आप्पांच्या हातावर झडप घातली आणि लिव्हर सुटली. ब्रेक बसला.

एवढं सगळं दीड फुटात झालं.

दाराच्या चौकटीवर आडवी पोलादी पट्टी असते. खारूताईची पाठ त्या पट्टीखाली आली होती, पोट छपराच्या कडेवर. मध्ये वीतभर जागा, आणि त्या वीतभर जागेत ती सगळी. डोकं आणि एक हात बाहेर लोंबत होते, कानसेनच्या डोक्याच्याही वर. वॉशर फरशीवर पडला, गोल फिरला आणि आडवा झाला.

ती ओरडली नाही. ओरडायला हवा लागते.

कानसेनचे पाय वळले. गच्चीवर जायला बावीस पायऱ्या होत्या. चाक कसं धरायचं ते त्याच्या हातांना माहीत होतं. दोन मिनिटांत त्याने तिला सोडवलं असतं. तीन पायऱ्या तो चढलाही.

"दादा." आवाज इतका बारीक होता की दुसऱ्या कोणाला ऐकूही आला नसता. "तुम्ही गेलात... तर मला बघणार कोण?"

तो चौथ्या पायरीशी थांबला. वर चाक आणि खाली ती, आणि तो एकच. वर गेला तर पट्टी आणि पाठ यांच्यातली जागा कमी होतेय की वाढतेय हे कोणालाच दिसणार नव्हतं. खाली थांबला तर चाक डिप्लोमाच्या हातात. डिप्लोमाने उलट बाजूच्या वजनाविरुद्ध चाक आयुष्यात एकदाही फिरवलं नव्हतं. का नव्हतं, ते कानसेनला माहीत होतं.

तो खाली उतरला. बाकावरचे भेटायला आलेले लोक उभे राहिले होते. एक सिस्टर धावत आली आणि तिने औषधांच्या कपाटापुढचं लोखंडी स्टूल सरकवून दिलं. त्यावर चढल्यावर खारूताईचा चेहरा त्याच्या चेहऱ्यासमोर आला. ओठ राखेसारखे झाले होते.

तेव्हा त्याला ते ऐकू आलं. चर्र. मग काही नाही. मग पुन्हा, चर्र. दुसऱ्या कोणाला ते जिन्यातल्या चपलांच्या आवाजासारखं वाटलं असतं. झिजलेले पट्टे धरून होते, पण पूर्ण धरून नव्हते. केबिन केसाकेसाने वर सरकत होती. सव्वीस वर्षं ज्या कानांचा त्याला अभिमान होता, ते त्या क्षणी कापून टाकावेत असं त्याला वाटलं.

वॉकी खरखरला. डिप्लोमा होता. "साहेब, केबिन खाली घ्यायचीय ना? चाक कुठल्या बाजूला फिरवू? इथला बाण पुसलाय."

कानसेनने तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं की त्याला माहीत नाही. म्हणजे हातांना माहीत होतं. तिथे उभा असता तर विचार न करता त्याने फिरवलं असतं. पण डावीकडे की उजवीकडे, ते शब्दांत त्याने कधी कोणाला सांगितलंच नव्हतं, त्यामुळे स्वतःलाही नाही. त्याने डोळे मिटून हवेत चाक धरून बघितलं. पण हवेत हातांना काही आठवेना. एकदा डावीकडे आलं, एकदा उजवीकडे. चुकीच्या बाजूला एक फेरा गेला असता तर संपलं.

चर्र.

"मला..." तो म्हणाला. "मला इथून सांगता येत नाहीये."

असं वाक्य या कामात त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं. मग डिप्लोमाचा आवाज आला. घाबरलेला, पण सरळ रेषेत चालणारा.

"थांबा. ब्रेक न उघडता मी चाकाला नुसता हलका दाब देतो. आप्पा, तुम्ही दोरांकडे बघा. केबिनच्या बाजूचे दोर कधी सैल पडतात ते सांगा." मागून आप्पांचं काहीतरी पुटपुटणं. "या बाजूला दाबलं की ताणतात. त्या बाजूला दाबलं की सैल होतात. परत करतो. परत तेच. म्हणजे खाली जायचं तर माझ्या डावीकडे. बरोबर ना, साहेब?"

कानसेनच्या जिभेवर हां आलं. टोकापर्यंत आलं. त्याने ते दातांनी चावलं आणि तोंडात रक्ताची चव आली.

"बरोबर," तो म्हणाला. "ताणतात त्या बाजूला नाही. सैल होतात त्या बाजूला. पण मी सांगेपर्यंत ब्रेक उघडू नका."

"नाही," खारूताई म्हणाली.

त्याने तिच्याकडे बघितलं.

"तुम्ही नाही सांगायचं." एकेका शब्दासाठी ती कुठून तरी हवा आणत होती. "मी आकडा म्हणेन. एक आकडा... पाव फेरा. मग ब्रेक बंद. मी गप्प असले... तर कोणी हलायचं नाही. तुम्ही फक्त माझा आकडा वर सांगायचा. तुमचं काही घालायचं नाही."

"बरं."

"हां म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार."

त्याने वर सांगितलं, तिने म्हटलं तसंच, तिच्याच शब्दांत. आकडा म्हणजे पाव फेरा. मग ब्रेक बंद. गप्प असेल तर हलायचं नाही. पलीकडून आप्पांचा रडवेला आवाज आला, "आता लिव्हर मी नाही दाबत. माझ्याच हाताने झालंय हे."

"आप्पा," कानसेन म्हणाला, "लिव्हर तुमच्याच हातात. सांगणाऱ्याचं चुकलंय, दाबणाऱ्याचं नाही. वॉकी उजव्या कानाला धरा."

खारूताईने डोळे मिटले. "एक."

"एक," कानसेन म्हणाला.

खट्ट. केबिन हलली. खाली. बोटभरही नाही, नखभर. खट्ट.

"दोन."

"दोन."

पुन्हा नखभर. पट्टी आणि तिच्या पाठीमध्ये आता कागद गेला असता. कानसेनचा श्वास सुटला.

आणि ती गप्प झाली.

त्याने वाट बघितली. तिचे डोळे मिटलेले होते, मान लोंबत होती. दहापर्यंत मोजून झालं. वीसपर्यंत झालं. वरून चर्र आलं, आणि ती कागदाएवढी फटही मिटल्याचं त्याला दिसलं. जे मिळवलं होतं ते केबिन परत घेत होती. हिला शुद्ध आहे का? तीन म्हणावं का? नुसता एक शब्द. तो त्याला येत होता, तो बरोबर होता, आणि तो आत्ताच म्हणायला हवा होता, असं त्याच्या अंगातली प्रत्येक नस सांगत होती. सव्वीस वर्षं त्या नसांनी खोटं सांगितलं नव्हतं.

पण तिचा एक हात पोटाखाली दबलेला होता. केबिन खाली जाताना तो मोकळा होणार होता की कडेत चिरडणार होता, ते त्याला बाहेरून दिसत नव्हतं. ते फक्त तिला आतून कळत होतं.

"साहेब?" वॉकी म्हणाला. "तीन?"

"तिने म्हटलेलं नाही."

"पण ब्रेक सरकतोय, मला दिसतंय..."

"तिने म्हटलेलं नाही."

सिस्टरने मागून त्याच्या सदऱ्याला धरलं होतं, तो स्टुलावरून पडेल म्हणून. त्याला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती, आणि या भीतीत करायला हाताला काहीही नव्हतं. त्याने रिकामा हात पुढे केला आणि तिच्या लोंबणाऱ्या हाताखाली नुसता धरून ठेवला.

खारूताईचा खांदा हलला. आत काहीतरी खेचलं गेलं. कोपर, मग मनगट. तिने डोळे उघडले.

"हात काढत होते," ती म्हणाली. "तीन."

"तीन."

"चार."

"चार."

पाचला तिला पूर्ण श्वास घेता आला आणि तो तिने कण्हतच घेतला. नऊला ती पट्टीखालून सरकली आणि पोत्यासारखी त्याच्या खांद्यावर आली. तो, सिस्टर आणि स्टूल, तिघेही फरशीवर.

"आकडा बंद," खारूताई आडव्यानेच म्हणाली. "वर सांगा."

त्याने सांगितलं.

दोन बरगड्यांना तडा गेला होता. बाकी मुका मार. त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर तिला ठेवलं. संध्याकाळी कानसेन तिथे गेला तेव्हा तिचा नवरा डबा उघडून बसला होता. त्याने कानसेनला बस म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही.

"अहवालात काय लिहिलंत?" खारूताईने विचारलं.

"माझं नाव."

"आप्पांचा कान?"

"तो नाही लिहिला. आप्पांनी ऐकलं ते बरोबरच ऐकलं. मी हां म्हटलं होतं."

ती छताकडे बघत राहिली. "सकाळीही म्हटलं होतंत. लांबवालं. ते लिहिलंत?"

ते त्याने लिहिलं नव्हतं. कागद खिशातून काढून, पलंगाच्या कडेवर ठेवून त्याने खाली दोन ओळी वाढवल्या. आधी ब्रेक करावा असं तिने सुचवलं होतं. ऐकलं नाही.

"माफी मागू नका आत्ता," ती म्हणाली. "हसवूही नका. दोन्हीने दुखतं."

घरी त्याने दाराशी पडलेली बॅग उचलली. बायकोला वाटलं, उद्या हा परत हत्यारं घेऊन निघणार. त्याने शिडी आणली आणि बॅग माळ्यावर ठेवली. तो उतरताना तिने खालून शिडी धरली.

दुसऱ्या दिवशी उलटं वजन खाली तळाला टेकवून आधी ब्रेकचे नवे पट्टे बसवले. डिप्लोमाने बसवले. कानसेन मशीनच्या खोलीत भिंतीला पाठ लावून उभा होता आणि दोनदा त्याच्या ओठांवर 'सरक' आलं. दोन्ही वेळा डिप्लोमाने वळून बघितलं आणि कानसेनने खिडकीबाहेर बघितलं. मग बूट राहिले होते. दुसऱ्या तुकडीतला एक मेकॅनिक चाकावर आला. लिव्हरवर आप्पा, वॉकी उजव्या कानाला.

खाली सहाव्या मजल्यावर, छपरावर जायला डिप्लोमा तयार झाला. हेल्मेटचा पट्टा बांधताना त्याने विचारलं,

"साहेब, आवाज बरोबर येतोय ना पट्ट्यांचा? तुमच्या कानाला?"

कानसेनने ऐकलं. चर्र नव्हतं. काहीच नव्हतं. पण पोटातला गोळा होता तिथेच होता. पट्टे नवे असले तरी तो जुनाच होता, आणि आता तो कुठे जाणार नाही हे त्याला कळलं होतं.

"मला काही ऐकू येत नाहीये," तो म्हणाला. "पण आकडा तुझा."

"मी गप्प राहिलो तर?"

"तर आम्ही सगळे गप्प."

डिप्लोमा छपरावर चढला आणि दिसेनासा झाला. कानसेन दाराशी उभा राहिला. अंगठा बटणापासून लांब, जीभ दातांमध्ये. आतून पान्याचे आवाज आले, मग तेही थांबले. पलीकडच्या लिफ्टसमोर कोणीतरी चाकाच्या खुर्चीत बसून ताटकळत होतं. पाच मिनिटं झाली. सात झाली. त्याच्या पाठीवरून घामाची एक रेघ खाली उतरली.

"एक," आतून आवाज आला.

कानसेनने बटण दाबलं.

"एक," तो म्हणाला, आणि बटण सोडून दिलं.